बेकिंग पावडरच्या डब्यातल्या दोन पिना

आमच्या मोटर क्लबच्या प्रत्येक आमंत्रणाखाली एक ओळ छापलेली असते: ‘पुरुष पाच शिलिंग, स्त्रिया एक ताट.’ पुरुषाने पाच शिलिंग द्यायचे आणि बाईने खाण्याचं भरलेलं ताट आणायचं. मी अकरा वर्षं ताट नेतेय. अकरा वर्षांत मला कुणी विचारलं नाही की बाई, तुला गाड्यांतलं काही कळतं का. चीज रोल मात्र सगळ्यांना माझेच लागतात.

त्या शनिवारी मॅक्लीशच्या टेकडीवर चढाईची शर्यत होती, तेव्हाही माझ्या एका हातात ताटच होतं. चाळीस चीज रोल, वरून ओलं फडकं. दुसऱ्या हातात कार्यक्रमपत्रिका. तिच्यात अठराव्या नंबरला लिहिलं होतं: ‘बेअर्ड स्पेशल. बांधणारा: लेस्टर बेअर्ड, एकट्याने, स्वतःच्या हातांनी.’

मी ते दोनदा वाचलं. एकट्याने म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लेस्टर माझा नवरा. दुधाच्या कारखान्याची लॉरी चालवतो. माणूस तसा वाईट नाही, दारूत बुडालेला नाही, हात उगारणारा नाही. पण त्याला वस्तू मिळवता येतात, बनवता येत नाहीत, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षी ओळखलं. माझा बाप गोर गावात पत्र्याचं काम करायचा. पन्हळी, चिमण्या, दुधाच्या कॅन. मुलगा नव्हता, म्हणून दुकानात मी. चौदाव्या वर्षी मी कॅनच्या बुडाचा जोड असा मारायचे की पाण्याचा थेंब बाहेर यायची बिशाद नव्हती. लेस्टरला हे माहीत होतं. म्हणूनच गाडीचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं तेव्हा तो पहिल्यांदा कुठे आला, तर माझ्या स्वयंपाकघरात.

खूळ म्हणते, पण ते इथे सगळ्यांनाच आहे. नवीन गाडी बाहेरून येते, म्हणून ती हवी तर परदेशातल्या बँकेत पौंड ठेवलेले हवेत. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी यादीत नाव घालायचं आणि म्हातारं व्हायचं. स्पोर्ट्‌स गाडी तर आमच्यासारख्यांनी मासिकातच बघायची. मग लोक शेडमध्ये बसून आपापली बांधतात, मिळेल त्यातून.

आमच्या गाडीचा सांगाडा ओढ्यात उलटलेल्या एका जुन्या फोर्ड टेन मोटारीचा. खत फवारणारं एक विमान डोंगरावर नाक घासून पडलं होतं, त्याच्या पंखांचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लेस्टरने अर्ध्या मेंढीच्या मटणावर मिळवला. त्याच विमानाची काच पुढे लागली. सीट जळक्या सिनेमागृहातली. पेट्रोलच्या टाकीचं झाकण दुधाच्या कॅनचं. हे सगळं मिळवून आणलं लेस्टरने, ते मी नाकारत नाही. लोकांशी गोड बोलून वस्तू काढून घ्याव्यात तर त्यानेच.

पण ते सगळं शेडमध्ये नुसतं ढिगाने पडलं होतं. त्या ढिगाची गाडी मी केली. जुन्या खोगिराचं कातडं शिवून त्यात वाळू भरली, कुंपणाच्या खांबाच्या शेंड्यातून लाकडी हातोडा काढला, आणि पत्रा त्या पिशवीवर ठेवून ठोकत बसले. पुढचं नाक तीनदा फसलं. चौथ्यांदा जमलं तेव्हा मी एकटीच होते, आणि कुणाला दाखवायला नको म्हणून तिथेच बसून थोडी रडले. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की तो परत यायला हवा, त्याची स्प्रिंग माझ्या ओव्हनच्या दाराची आहे. तेव्हापासून मी केक करते तेव्हा ओव्हनच्या दाराला खुर्ची लावते. इंजिन ज्या रबरावर बसतं ते माझ्या कपडे धुण्याच्या यंत्राच्या पायाचं रबर आहे. दोन वर्षं ते यंत्र दर सोमवारी डगमगत डगमगत भिंतीपर्यंत चालत जायचं आणि मी त्याला ओढून परत आणायचे. आणि हा म्हणतो, एकट्याने.

मी ताट घेऊन तशीच लेस्टरकडे गेले. तो गाडीला टेकून उभा होता, कॉलर वर करून. मी पत्रिका त्याच्या नाकासमोर धरली. त्याने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणून समजावायला लागला. घरी बांधलेल्या सर्वोत्तम गाडीला या वर्षीपासून चषक आहे. बांधणारा क्लबचा सभासद हवा. बायकांना सभासद होता येत नाही, त्यांना फक्त ताटाचा हक्क. मग तुझं नाव घालून गाडीच बाद करायची का? नुसतं नाव तर आहे, नोली. घरी तर आपल्याला माहीतच आहे.

घरी माहीत आहे. मला वाटलं ते चाळीसच्या चाळीस रोल त्याच्या टाळक्यावर ओतावेत. पण तेवढ्यात तपासनीस गिलक्रिस्ट आला आणि मी मागे सरकले.

गिलक्रिस्टचं काम असं की घरी बांधलेली गाडी शर्यतीत उतरण्याआधी त्याने तिचा एकेक भाग बोटाने दाखवायचा, आणि बांधणाऱ्याने तो काय आहे, कुठून आणला, कसा बसवला हे सांगायचं. उत्तर आलं नाही की गाडी परत. नियम चांगला आहे, त्याने दोन-चार माणसं तरी वाचली असतील. मी ताट नीट धरून उभी राहिले. मनात म्हटलं, आता बघूच.

गिलक्रिस्टने विचारलं, इंजिनखालचं रबर कुठलं. लेस्टर म्हणाला, डनीडिनहून मागवलं. गिलक्रिस्टने अ‍ॅक्सिलरेटरची स्प्रिंग दाखवली. लेस्टर म्हणाला, मोटारसायकलची. नाकाच्या पत्र्याला आतून जोड कुठे आहे असं विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ओळखीची आहे, जेवताना मीठ सरकव म्हणायची. मी आकाशाकडे बघत बसले. जोड नाहीच आहे त्या नाकात, अख्खा एक पत्रा आहे, त्याच्यासाठीच मी चार वेळा मरमर मेले. लेस्टर म्हणाला, जोड असा लपवलाय की दिसायचा नाही. गिलक्रिस्ट हसला. म्हणाला, गड्या, तुझे हात सोन्याचे आहेत.

शेवटी त्याने विचारलं की स्टिअरिंगला शेवटचा हात कधी लावला होता. लेस्टरची छाती फुगली. म्हणाला, कालच दुपारी, पुढची चाकं थोडी तिरकी वाटत होती, दांडा सोडवून नीट करून घेतली. काल दुपारी मी चर्चच्या हॉलमध्ये पावांना लोणी लावत होते. गिलक्रिस्टने खाली वाकूनही बघितलं नाही. फॉर्मवर सही ठोकली, लेस्टरच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या ताटातला एक रोल उचलून पुढे गेला.

मला वाटलं होतं लेस्टर उघडा पडेल. पण उघडं पडायला समोरच्याला बघायची इच्छा लागते. एकमेकांच्या पाठीवर थापा मारायच्या आणि तपासणी झाली म्हणायचं, अशी ही मंडळी. त्याहून वाईट म्हणजे, गिलक्रिस्ट सरकल्यावर मला डॅशबोर्डवर एक नवी पितळी पाटी दिसली. हाताच्या पंजाएवढी, जाडजूड, दोन स्क्रू पिळून बसवलेली. ‘बेअर्ड स्पेशल, बांधणी एल. बेअर्ड’. इन्व्हरकार्गिलला जाऊन कोरून आणली होती म्हणे. मला न सांगता.

मी खाण्याच्या टेबलाकडे निघून आले. क्लबच्या सेक्रेटरीची बायको ऊना तिथे कप मांडत होती. तिने विचारलं, नोलीन, बरं नाही का. मी म्हटलं, उत्तम आहे. आणि रोल कापायला सुरी हवी म्हणून पर्स उघडली, तर आतला डबा खुळखुळला.

तो बेकिंग पावडरचा जुना डबा. त्यात मी स्प्लिट पिना ठेवते. नट घट्ट केला की त्याच्या खाचेतून आणि आतल्या बोल्टच्या भोकातून आरपार ही दुपदरी पिन घालायची आणि तिची टोकं वाकवायची, म्हणजे गाडी कितीही हादरली तरी नट सुटत नाही. तेवढंच तिचं काम, पण स्टिअरिंगच्या दांड्यावर तेच सगळं काम आहे. गुरुवारी मी सहातल्या चार पिना घातल्या, दोन उरल्या. शनिवारी सकाळी स्कोनचं पीठ मळताना घाईत चुकीचा डबा उघडला, तेव्हा आत दोनच होत्या. म्हटलं, असू देत बरोबर, आणि डबा पर्समध्ये टाकला.

आता मी टेबलाशी उभी राहून हिशोब करायला लागले. काल दुपारी त्याने दांडा सोडवला. म्हणजे पिन काढली. काढलेली पिन परत वापरायची नसते, वाकून वाकून ती तुटते, आणि तशीही आज सकाळी शेड झाडताना एक मोडकी पिन मीच केरात टाकली होती. माझी जुनी असेल असं वाटलं होतं मला. मग त्याने डब्यातली नवी घातली असती तर एकच उरायला हवी होती. दोन होत्या.

मग त्या नटात काय आहे?

मला उत्तर माहीत होतं. आमच्याकडे पुरुषाला कुठेही काही अडलं की तो कुंपणाकडे जातो. दार लटकतंय, तार. नळ गळतोय, तार. एकाने तर चष्म्याची काडी तारेने बांधून लग्न केलं. तारेने सगळं जमतं याचा यांना एवढा अभिमान की तार कुठे चालत नाही हे विचारायची सोयच उरलेली नाही.

खरं सांगते, एक क्षण मी काहीच केलं नाही. अठरावा नंबर सुरुवातीच्या रेषेपासून दोन गाड्या मागे होता. मॅक्लीशच्या टेकडीच्या तिसऱ्या वळणाला खाली सरळ ओढा आहे, आणि रस्ता सगळा खडीचा. मनात आलं, एकट्याने बांधलीस ना, मग एकट्याने जा. असं माझ्या मनात आलं, आणि त्याची मला लाज वाटते, आणि लाज वाटायला लावली म्हणून त्याचाच आणखी राग येतो. मग मी चालायला लागले. डबा खिशात टाकला होता आणि ताट सवयीने हातात उचललं होतं.

लेस्टर रेषेवर होता, गॉगल लावून. झेंडेवाला झेंडा उचलत होता. मी गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले, ताट बॉनेटवर ठेवलं आणि आपल्या चांगल्या निळ्या पोशाखात खडीवर उताणी पडून गाडीखाली शिरले. वरून कुणीतरी काहीतरी ओरडलं. मला एवढंच दिसत होतं: नट अर्धा फेरा सैल झालेला, आणि त्याच्या भोकात काटेरी कुंपणाची उसवलेली एक तार, एका बाजूने झिजून चपटी झालेली. मी ती बोटाने ओढली. तिने जरासुद्धा विरोध केला नाही.

बाहेर आले तेव्हा क्लबचे सगळे पुरुष गोळा झाले होते. मी तार गिलक्रिस्टच्या हातात दिली आणि म्हटलं, “याच्यावर तुमची सही आहे.”

गिलक्रिस्टचा चेहरा पांढराफटक पडला. तो तार खिशात घालायला लागला. म्हणाला, मिसेस बेअर्ड, आपण क्लबच्या शेडमागे जाऊन शांतपणे बोलू. मी म्हटलं की सही सगळ्यांसमोर केली, बोलणंही सगळ्यांसमोर होऊ दे. लेस्टर गाडीतून उतरला होता. त्याने गॉगल काढला, आणि मला त्याचे डोळे दिसले. तो घाबरला होता. बरं वाटलं मला.

मी डबा उघडून एक पिन तळहातावर घेतली. लेस्टरने हात पुढे केला.

“दे इकडे, नोली.”

“आधी सांग, गाडी कुणी बांधली?”

“लोक बघतायत.”

“बघू देत. एवढी वर्षं माझे चीज रोल बघतायत.”

तो जमिनीकडे बघायला लागला. गिलक्रिस्ट मध्ये पडला आणि म्हणाला की पिन घालून विषय मिटवू या, फॉर्मवरचं नाव बदललं तर गाडी चषकातून बाद होईल, त्यात कुणाचंच भलं नाही. चांगलं बोलत होता, समजूतदारपणे, आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. मी पिन लेस्टरच्या हातावर ठेवली.

“बसव. बांधणारा तू ना.”

लेस्टर गाडीखाली गेला. त्याचे बूट तेवढे बाहेर दिसत होते. वाऱ्याने क्लबचं निशाण फडफडत होतं आणि मागच्या गाड्यांनी इंजिनं बंद केली होती. बराच वेळ गेला. पिन बसवायला एवढा वेळ लागत नाही, मला तर चहात साखर ढवळायला लागतो तेवढाच लागतो. मग खालून त्याचा आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“नोली, नट किती आवळायचा?”

कुणी हसलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. गिलक्रिस्टने टोपी काढून परत घातली. मी म्हटलं, “हाताने घट्ट होईल तेवढा, मग पान्याने पाव फेरा, आणि खाच भोकासमोर येईपर्यंत थोडा पुढे. मागे नाही, पुढे.” तो म्हणाला, बरं. थोड्या वेळाने बाहेर आला, पाठीला खडी चिकटलेली. गिलक्रिस्टने फॉर्म काढला, लेस्टरच्या नावावर रेघ मारली आणि पेन्सिल तशीच धरून उभा राहिला. नवं नाव लिहायला त्याच्या फॉर्मवर जागाच नव्हती.

मी माझी टोपी काढून, टेबल सोडून आलेल्या ऊनाच्या हातात दिली, ताट बॉनेटवरून उचलून लेस्टरच्या हातात दिलं आणि गाडीत बसले. झेंडेवाल्याने गिलक्रिस्टकडे बघितलं. गिलक्रिस्ट म्हणाला की घड्याळ लावता येणार नाही, तिची नोंदणी नाही. मी म्हटलं, नका लावू.

मी ती गाडी त्याआधी फक्त आमच्या शेतातून फिरवली होती, गाईंच्या मधून. टेकडीवर ती निराळीच निघाली. पहिल्या वळणाला मागची चाकं घसरली. दुसऱ्या वळणाला मी शिव्या देत होते, आईने ऐकल्या असत्या तर तोंड साबणाने धुतलं असतं. लेस्टरला, गिलक्रिस्टला, त्या ताटाच्या ओळीला. तिसऱ्या वळणावर, ओढ्याच्या कडेला, मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं. पिन त्याने बसवली होती, मी तपासली नव्हती. हे त्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं. चाकं वळली. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तेव्हा माझ्या ओव्हनची स्प्रिंग चटकन मागे आली. नाकाला कुठे जोड नव्हता, त्यामुळे कुठे काही खडखडलं नाही.

वर टोकाला क्लबचा एक माणूस सँडविच खात उभा होता. त्याने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत गाडीकडे. विचारलं, लेस्टर कुठे आहे. मी म्हटलं, खाली, ताट धरून. मग खाली वाकून पिन बघितली. नीट बसली होती, टोकं दोन्ही बाजूंना सारखी वाकवलेली. तेवढं मात्र त्याला जमलं.

राग त्यामुळे गेला का? मुळीच नाही. चषक एका दुकानदाराला मिळाला, ज्याने इंजिन आयतं आणून बसवलं होतं. त्या दिवसाच्या नोंदीत माझ्या चढाईचा उल्लेख नाही. घरी येताना लेस्टर लॉरी चालवत होता. मग म्हणाला की बायकोने पत्रा ठोकला असं सांगितलं असतं तर लोक हसले असते. मी म्हटलं, हसले असते तर तू काय विरघळला असतास? त्याने गिअर बदलला.

क्लबच्या पुढच्या आमंत्रणावर तीच ओळ छापलेली आली. मी पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर भरून पाठवली. ती आतापर्यंत कुणी परत केलेली नाही आणि पावतीही दिलेली नाही. त्या वेळी ताट लेस्टरने नेलं. त्याचे चीज रोल करपले होते, कारण ओव्हनच्या दाराला खुर्ची लावायची असते हे त्याला माहीत नव्हतं.

पितळी पाटी मी त्याच रविवारी काढली. लेस्टरने विचारलं, नवी कोरून आणू का, दोघांची नावं घालून. मी म्हटलं, आण किंवा नको आणूस, ही मला लागणार आहे. आता ती माझ्या कपडे धुण्याच्या यंत्राच्या चौथ्या पायाखाली आहे, अक्षरं खालच्या बाजूला. पितळ चांगलं जाड आहे, अगदी माप घेऊन केल्यासारखं. यंत्र आता भिंतीपर्यंत चालत जात नाही.